'दे' की 'द्या'

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या थेरपी सेंटरमध्ये जी लहान मुलं येतात, त्यांच्यामुळे माझं डोकं कधी फिरत नाही. फिरतं ते त्यांच्या घरच्यांमुळे. त्यातही बजाजनगरहून येणाऱ्या एका वडिलांनी माझा जेवढा अंत पाहिला, तेवढा दुसऱ्या कोणी पाहिला नसेल.

त्यांचा मुलगा चार वर्षांचा, स्वमग्न. बोलणं जवळजवळ नाहीच. काही हवं असलं की आईचा हात धरून ओढायचा, नाहीतर किंचाळायचा. सगळ्यांना दाखवते ती चित्रांची कार्डं मी त्यालाही दाखवली. त्याने ढुंकून पाहिलं नाही. त्याचा जीव होता वडिलांच्या मोटारसायकलच्या किल्लीत. मग मी कार्डं ठेवून दिली आणि किल्ली मागून घेतली. ती मुठीत धरायची, त्याच्याकडे बघत थोडं थांबायचं, 'दे' म्हणायचं आणि तो बोलो न बोलो, देऊन टाकायची. कित्येक आठवडे एवढंच. एका सकाळी तो हात पुढे करून म्हणाला, "दे."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील म्हणाले, "दे नाय बाळा. द्या. मॅडमला द्या म्हणायचं."

मुलाचा हात खाली गेला. त्या दिवशी तो पुन्हा बोलला नाही.

मी समजावलं की शब्द अजून कोवळा आहे, सुधारायला जाऊ नका. त्यांनी मान डोलावली. पुढच्या खेपेला आई सांगते, घरी पुन्हा तेच.

"आमच्याकडं मोठ्यांना अरे-तुरे चालत नाय, मॅडम," वडील म्हणाले. "लोक म्हणतेन, पोराला बोलता तर येत नाय, वर वळणबी नाय."

"देवाला काय म्हणता मग? देवा, सुख द्या?"

"देवाचं निराळं. देवाला कुठं शाळेत ॲडमिशन घ्यायचीय?"

आई ओढणी तोंडाला लावून हसली. मला हसू येईना. किल्ली दिसली की मुलगा पुन्हा हात ओढायला लागला होता. आलेला शब्द जातोही, आणि गेलेला परत येईल याची हमी मी कोणाला देऊ शकत नाही.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. ते ज्यांच्यामुळे झालं, त्या करमाडच्या शाळेतल्या बाई माझं 'व्हय' कधी मध्येच तोडायच्या नाहीत. माझं बोलणं पुरं होऊ द्यायच्या आणि मग स्वतः 'होय' म्हणून उत्तर द्यायच्या. तेवढ्यानंच मी शिकले. पुढे हीच पद्धत अभ्यासाच्या पुस्तकात भेटली, तेव्हा मला बाईच दिसल्या.

म्हणून मी वेगळं विचारलं. "घरी बायकोला पाणी मागताना काय म्हणता?"

"पाणी दे म्हणतो. दुसरं काय म्हणणार?"

"मग तो कोणाचं ऐकून शिकणार? द्या पाहिजे ना, तर तुम्ही म्हणा. त्याच्यासमोर, बायकोला. त्याला मात्र काही सांगायचं नाही."

आई म्हणाली, "म्हणा ना अहो. मलाबी ऐकू द्या."

पुढच्या वेळी ती जिन्यातूनच सांगत आली, "मॅडम, हे खरंच मला द्या म्हणायलेत. सासूबाईंनी तर जेवण सोडून बघितलं."

त्या दिवशी किल्ली मी वडिलांच्याच हातात ठेवली. मुलगा बराच वेळ त्यांच्या मुठीकडे बघत होता. मग हात पुढे आला.

"दे."

वडिलांचं तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. तोंड मिटलं, मूठ उघडली. मुलगा किल्ली वाजवत कोपऱ्यात गेला, तसे ते हळूच म्हणाले, "पण पहिलीत गेल्यावर तरी द्या म्हणल ना, मॅडम?"

"आधी दे तर म्हणू द्या," मी म्हणाले.