शकूमावशीचं लग्न सव्विसाव्या वर्षी झालं

काल एका प्रसिद्ध कादंबरीकाराने माझ्या मावशीला श्रद्धांजली वाहिली. ह्याच माणसाने तिचं अकराव्या वर्षी लग्न लावलं होतं.

पुस्तकात. बसल्या जागी. मुलीला न विचारता.

"माझी बालवधू आज गेली," असं लिहिलंय त्यांनी. सोबत कादंबरीचं कव्हर. खाली लोकांचे जोडलेले हात.

गेली ती शकूमावशी. माझ्या आईची थोरली बहीण. जन्मभर सरकारी हॉस्पिटलात सिस्टर, रिटायर झाली तेव्हा मेट्रन होती. मंगळवारी सकाळी धायरीच्या घरी चहा प्यायली, कप विसळून ठेवला, खुर्चीत बसली आणि गेली.

आता ऐका.

काही वर्षांपूर्वी हे सर "जुन्या काळातल्या बायकांवर" लिहायचंय म्हणून तिच्याकडे आले. मावशीने दोन दुपारी बसून सगळं सांगितलं. लोणी काळभोरचं लहानपण, तिच्या वडिलांची, म्हणजे आमच्या आबांची, कारखान्यातली नोकरी, नर्सिंगचा कोर्स. सरांनी पोहे खाल्ले, अल्बममधल्या एका फोटोचा मोबाइलवर फोटो काढला आणि गेले.

पुस्तक आलं तेव्हा कव्हरवर तोच फोटो.

अकरा वर्षांची मावशी, पांढरी साडी. शेजारी पांढऱ्या सदऱ्यातला एक मुलगा. दोघांच्या गळ्यात हार.

आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते, एवढं सरांनी कुठेतरी ऐकलेलं. झालं. बार उडवून मोकळे.

अहो, तो लग्नाचा फोटो नाही. गावात धम्मदीक्षा झाली त्या दिवसाचा आहे. त्या दिवशी अख्खी वस्ती पांढऱ्या कपड्यांत होती.

आणि तो "नवरदेव" म्हणजे माझा मधूमामा. तिचा सख्खा धाकटा भाऊ.

फोटो अल्बममधून काढून उलटा करायची तसदी घेतली असती, तर मागे आबांच्या अक्षरात दिसलं असतं : शकू व मधू, दीक्षेचा दिवस. पण एवढा research कोण करतो? "त्या काळी" म्हटलं की काम भागतं.

मामा ते कव्हर बघून हसत सुटला. मावशी हसली नाही. तिला स्वतःचं काही नव्हतं. तिला लागलं ते आबांचं.

कारण पुस्तकातला बाप, नाव तेच, गाव तेच, रडणाऱ्या पोरीला लग्नाला उभी करतो. आणि लेखक वर समजूत घालतो, त्या काळी सगळ्यांचंच असं होतं.

होत होतं ना. कोण नाही म्हणतंय? मावशीच्या चुलतबहिणीचं बाराव्या वर्षी झालं. म्हणून तर आबांचं सांगायला ती दोन दुपारी बसली. स्थळं यायची, आबा परत पाठवायचे. भावकी म्हणायची, पोरगी घरात म्हातारी करणार का. पुढे पुढे कार्याला बोलावणंसुद्धा बंद झालं. आबांचं उत्तर एकच.

"पोरगी शिकती हाय. ती म्हनंल तवा लगीन."

ती म्हणाली सव्विसाव्या वर्षी.

तिने सरांना फोन केला. पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाले. पुढची आवृत्ती आली, तीच चूक घेऊन. पुन्हा फोन केला तेव्हा मी शेजारी होते, फोन speaker वर होता.

"अहो ताई, त्या पानावर वाचक रडतात. सव्विसाव्या वर्षी लग्न झालेल्या नर्सची गोष्ट कोण वाचणार?"

मावशी म्हणाली, "रडू द्या की. पण माझ्या बापाच्या नावानं नको."

त्यानंतर त्यांनी फोन उचलणं सोडलं.

मग ह्या बाईने काय करावं? वयाच्या पंच्याहत्तरीत वाचनालयाची मेंबर झाली. कादंबरी घरी आणायची, निळ्या पेनने दुरुस्त करायची, परत द्यायची. हॉस्पिटलातल्या केसपेपरची पद्धत. चुकीच्या शब्दावर एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर शब्द. बाजूला सही.

"अकरा"वर रेघ, वर "सव्वीस". "नवरा"वर रेघ, वर "भाऊ".

ग्रंथपाल बाईंनी तिला पकडलंच एकदा. तिने सगळं सांगितलं. त्या उठल्या, आत गेल्या आणि दुसरी प्रत आणून दिली.

एक वाचनालय झालं की दुसरं. रिक्षाने जायची.

तर आज सकाळी सरांचा मला फोन. रविवारी मावशीच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्यातल्या शोकसभेला, यायचंय म्हणे. "दोन शब्द" बोलायचेत.

या की. अवश्य या. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवते. शेजारी मधूमामा बसेल, तुम्ही बोहल्यावर चढवलेला.

माइक द्यायच्या आधी तुमचंच पुस्तक देईन आणि मावशीचं निळं पेन. आबांच्या पानावर एक रेघ. वर बरोबर काय ते. बाजूला सही. तिच्या फोटोसमोर, सगळ्यांच्या देखत. मग बोला, दोन काय, दोनशे शब्द बोला.

नाही आलात तरी चालेल. पुण्यात वाचनालयं भरपूर आहेत आणि मी अजून चाळिशीची आहे.

फोटोची मागची बाजू खाली टाकतेय. ज्यांनी ज्यांनी काल हात जोडले, त्यांनी तेवढी वाचा.

मावशी, तुझी ड्यूटी संपली.

चार्ज मी घेतलाय.

अखेरचं वंदन.