पाच की सात

दुभाषी चाचा शिव्यांचंही भाषांतर करत. एका वैतागलेल्या खलाशानं समितीला सुनावलं, तुमच्या डोक्यात भुसा भरलाय. चाचा उभे राहिले आणि अदबीनं इंग्रजीत म्हणाले, "साहेब, तुमच्या डोक्यात भुसा भरलाय, असं हा म्हणतो." त्यातला 'साहेब' तेवढा त्यांचा होता.

ही तिघांची समिती कुवेत सिटीतल्या एका कचेरीत बसे. कागदाविना आलेले, परत गेलो तर मारले जाऊ म्हणणारे लोक तिच्यापुढे येत. त्यांना ठेवायचं की परत पाठवायचं, ते ती ठरवी. मी तिथे टंकलेखक होतो. चाचा दापोलीकडचे. अर्जदाराच्या हातचा चहा ते घेत नसत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मी काय घालायचा नाय, नि काय काढायचा नाय. चाय प्यालो की घालावासा वाटता."

झांजिबारात सत्ता उलटून अरब आणि हिंदी लोकांवर हल्ले झाले त्या वर्षी, १९६४ मध्ये, तिथला एक शिंपी गलबतातून आला. घराणं मूळचं मंडणगडचं. हत्यारबंद टोळीनं त्याच्या शेजाऱ्याला दुकानातून ओढून नेलं होतं. दुसऱ्या दिवशी ती याच्या दुकानात शिरली; हा माळ्यावर लपला म्हणून वाचला.

त्यांनी तुझं नाव घेतलं का, असं समितीनं विचारलं. नाही, पाटी वाचली, असं त्यानं सांगितलं. म्हणजे राग दुकानावर होता, असा अर्थ काढण्यात आला. मग सरकारकडे संरक्षण का मागितलं नाहीस? चौकीत तीच माणसं बसलीत, तो म्हणाला. पुरावा मागितला गेला. टोळ्या मारायला येताना पावती देत नाहीत, हे त्या तिघांना कुणी सांगितलं नसावं. बेटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन राहा, असंही एकानं सुचवलं.

"साहेब, दुसरा टोक सायकलीवर दुपारपर्यंत येता," शिंपी म्हणाला.

मग अध्यक्षांनी त्याच्या आधीच्या जबानीचं टिपण काढलं. त्यात टोळीची पाच माणसं होती, आज तो सात म्हणत होता. शिंपी गोंधळला.

चाचा उठले. "साहेब, हे बोलणं माझं आहे. तेव्हा आपण विचारलंत, आत किती आले? आज विचारलंत, एकूण किती? दोघं दाराबाहेर होते का, एवढं त्याला विचारा."

टिपणात असा प्रश्न नाही, अध्यक्ष म्हणाले. नव्हताच. फक्त उत्तरं टाईप करायची, असा त्यांचाच हुकूम होता आणि मी तो पाळला होता. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी यंत्राकडे पाहत राहिलो.

जबानीत विसंगती, अर्ज नामंजूर. शिंप्याला आला त्याच गलबतावर चढवलं. दुभाष्यानं मत दिलं म्हणून चाचांना महिनाअखेरीस काढलं.

निरोप द्यायला मी सालमियाला त्यांच्या खोलीवर गेलो. ते ट्रंक बांधत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "पोरा, तो खोटा नव्हता. तुझा कागद अर्धा होता."

पुढे मी वर्तमानपत्रात गेलो. कुणाचंही उत्तर त्याला विचारलेल्या प्रश्नाशिवाय छापू दिलं नाही. जागा अपुरी पडते, अशी सहकाऱ्यांची तक्रार असे. ती रास्त होती. शिंप्याचं काय झालं, ते मला शोधूनही कळलं नाही.