बाबांचा हात आणि खोटे सायलेन्सर

शोरूममधल्या माणसाने मला गाडी आधी मागून दाखवली. बंपरच्या दोन्ही कडांना दोन रुंद, चकचकीत सायलेन्सर. "मॅडम, लूक बघा," तो म्हणाला. मला लूकशी काय देणंघेणं? मी सौंसरला कॉलेजात शिकवते, पांढुर्ण्याहून रोज जाणं-येणं, आणि बसमध्ये उभं राहून कंबर गेली म्हणून गाडी घ्यायची होती. पण ते सायलेन्सर पाहून बाबा खूश होतील असं मनात आलं, आणि मी हो म्हणाले.

बाबांनी जन्मभर सवारी जीप चालवली. पांढुर्णा, मोहगाव, सौंसर, आणि परत. रोज सकाळी जीप चालू करून ते मागे जायचे, उकिडवे बसायचे आणि उजवा तळहात सायलेन्सरसमोर धरायचे. डोळे मिटलेले. हवा एकसारखी लागली की इंजिन ठीक. मधेच अडखळली की आतमध्ये काहीतरी बिघडलंय. तळहातावर काळे शिंतोडे उडाले तर गाडी ऑइल खातेय. आमच्याकडे वैद्य नाडी पाहतात तसंच ते होतं, आणि आम्ही पोरं तेवढा वेळ गप्प राहायचो.

जीप विकली, तरी हा हात चालूच राहिला. कोणी जुनी गाडी घ्यायला निघालं की आधी आमच्या दारात यायचं. "काका, चला ना जरा, एक गाडी पाह्याची हाय." मग बाबा इस्त्रीचा शर्ट घालायचे, गमछा खांद्यावर टाकायचे आणि मोटरसायकलच्या मागे ताठ बसून जायचे. तेवढ्यापुरते ते पुन्हा पूर्वीचे व्हायचे. शुगरने त्यांचे पाय केव्हाच बधिर केले होते. बाजारात एका पायातली चप्पल निघाली तरी कळत नसे, घरी आल्यावर आई ओरडायची. पुढे हातांचंही असंच होऊ शकतं, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. "पायाचं जाऊ दे," बाबा म्हणाले होते. "हात हाय तोवर मी हाय." ते हसत म्हणाले, पण आम्हाला कोणाला हसू आलं नाही.

गाडी घरी आली. आईने ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली, शनिवारी जामसांवलीच्या हनुमानाच्या दर्शनाला न्यायचं ठरलं. शेजारपाजार जमला होता. बाबांनी बाही वर सारली. "चालू कर वं माय."

मी चालू केली. ते मागे जाऊन बसले. मग म्हणाले, "रेस दे." मी दिली. "अजून दे." आरशात त्यांचा फक्त खांदा दिसत होता. ते उठले, डाव्या हाताने उजवा तळहात चोळला, आणि सरळ घरात गेले. मला वाटलं, गुडघे दुखले असतील.

त्यानंतर मोटरसायकल दारात आली की बाबा अंग दुखतं म्हणून झोपून राहायचे. शर्ट दांडीवर तसाच. आलेला माणूस चहा पिऊन परत जायचा. शेवटी आईनेच सांगितलं, "ते म्हणून राह्यले, हात मेला माह्या. तुह्या गाडीची हवाच नाही लागली त्यायले." त्यांना विचारायची मला हिंमत झाली नाही.

मग एका रविवारी गाडी धुताना मी फडकं त्या सायलेन्सरमध्ये खुपसलं, आणि बोट आत गेलंच नाही. मागे काळं प्लास्टिक होतं. दोन्हीकडे तसंच. नळी नाही, भोक नाही, नुसती शोभा. मग मी सगळी गाडी चाचपून पाहिली. पुढच्या जाळीतली अर्धी भोकं बुजलेली. चाकांमागच्या फटीतून वारा जात नाही. छतावरच्या दांड्यांना काही बांधू नका, असं गाडीच्या पुस्तकातच लिहिलेलं. याला म्हणतात नाव मोठं लक्षण खोटं, आणि हे सगळं मी राजीखुशीने घरी आणलं होतं. एरवी मी त्या शोरूमवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण त्या दिवशी मला इतका आनंद झाला की ओल्या हातांनीच घरात पळत गेले.

"बाबा, ते सायलेन्सर खोटे आहेत."

त्यांना पटेना. मी हात धरून बाहेर आणलं आणि त्यांचं बोट त्या प्लास्टिकवर आपटून दाखवलं. कितीतरी दिवसांनी बाबा हसले. "धूर नाही त थुतरं कायले देल्लं बे याले?" म्हणाले. कंपनीला मनसोक्त शिव्या दिल्या. त्या दिवशी जेवताना भाकर मागून घेतली आणि संध्याकाळी आईला शर्टाला इस्त्री करायला सांगितली. मी किती बावळट, मला वाटलं संपलं.

दुसऱ्या दिवशी मी सौंसरहून आले तेव्हा ते अंगणात वाटच पाहत उभे होते. "खरा कुठी हाय, दाखव." मी गाडी बंद न करताच उतरून वाकून पाहिलं. बंपरच्या खाली, आतल्या बाजूला, गंजायला लागलेली एक बारीक नळी जमिनीकडे वळवून ठेवली होती. मी खाली हात धरला. गरम हवा चांगली फुकफुक लागत होती, खालची माती उडत होती. "इथे आहे बाबा, पण हात लांबूनच धरा, तापलीय," म्हणून मी पुन्हा आत जाऊन बसले.

"रेस दे," मागून आवाज आला. मी दिली. "अजून." मी पाय दाबला. "अजून दे वं." इंजिन गुरगुरत होतं आणि आरशात पुन्हा तो खांदाच दिसत होता. मला राहवेना. गाडी तशीच चालू ठेवून मी खाली उतरले.

बाबा जमिनीवर बसकण मारून, मान वाकडी करून बसले होते. गमछ्याचं टोक नळीच्या हवेने हलत होतं. उजव्या हाताची मूठ त्या तापलेल्या नळीभोवती घट्ट आवळलेली होती, आणि चेहऱ्यावर दुखल्याची एक रेघ नव्हती.

"हा बी खोटाच बसवला वाटते माय," ते म्हणाले. "काहीच नाही येऊन राह्यलं."

"हो बाबा, हा पण खोटाच आहे," मी म्हणाले, आणि त्यांची बोटं एकेक करून नळीवरून सोडवू लागले.