निळ्या रंगाखालचं इंजिन

माझ्या निरोप समारंभात सहकाऱ्यांनी माझे चार-पाच तपास खुलवून सांगितले. त्यात मुरबाडच्या निळ्या इंजिनाचा तपास नव्हता. तो कुणाला आठवत नव्हता, आणि कुणी आठवण काढावी असं मलाही वाटत नव्हतं. मला मात्र तो आठवतो. हार्डवेअरच्या दुकानात ऑइल पेंटचे डबे एकावर एक रचलेले दिसले की हटकून आठवतो.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. मी मुरबाड पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. माळशेजच्या रस्त्याला, वैशाखऱ्याच्या अलीकडे, मुंबईच्या एका शेठचं फार्महाऊस होतं. तिथल्या शेडमध्ये त्यानं एक जुनी इंग्लिश स्पोर्ट्‌स कार ठेवली होती. दोन माणसांची, उघड्या टपाची, लांब नाकाची. शेठ कधीतरी शनिवारी यायचा, पाहुण्यांना बॉनेट उघडून दाखवायचा आणि परत झाकायचा.

दसरा होऊन गेल्यावर हा शेठ ठाण्यात आला. गाडीचं इंजिन चोरीला गेलंय आणि त्या जागी दुसरंच बसवलंय, अशी त्याची तक्रार.

"कशावरून?" मी विचारलं.

"रंगावरून. या गाडीचं इंजिन कारखान्यातून एका ठरलेल्या रंगात येतं. करडा-हिरवा. माझ्या इंजिनाला कारखान्यानंतर ब्रश लागलेला नाही, म्हणून तर गाडीला किंमत. काल दिल्लीहून गिऱ्हाईक आलं, बॉनेट उघडलं, तर आत निळं इंजिन. इथं दारांना मारतात ना, तसलं निळं. माणूस हसला आणि निघून गेला. आणि इंजिनावर नंबरही नाहीये साहेब. घासून काढलाय."

आमचे हवालदार वयानं मोठे, जिभेनं तिखट. त्यांनी विचारलं, "शेठ, गाडी चालते का?"

"ती चालवायची नसते."

"मग इंजिन असलं काय नि नसलं काय."

शेठ हसला नाही. मी हवालदारांकडे डोळे वटारले. पण नंबर नाही म्हटल्यावर माझे कान टवकारले होते. नंबर नाहीसा केला म्हणजे चोरी, हे आम्हाला शिकवलेलं असतं. इंजिन पाहिलं. निळं, गुळगुळीत, नंबरच्या जागी काही नाही. मी गुन्हा दाखल केला.

फार्महाऊसवर एकच राखणदार होता. जवळच्याच गावचा, चाळिशीतला, घरची थोडी भातशेती असलेला. शेठनं त्याला आदल्या दिवशी विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "मी हात पण नाय लावला." मी त्याला बोलावणार, तेवढ्यात खबर आली. मुरबाड-कल्याण लाइनवर जीप चालवणारा एक जण आम्हाला अधूनमधून काहीबाही सांगायचा. तो चहाच्या टपरीवर म्हणाला, "साहेब, त्या राखणदाराच्या मेव्हण्याच्या मळ्यात एक इंजिन आलंय. ताडपत्री टाकून आणलं. मीच सोडलं ना माझ्या गाडीनं."

आम्ही मेव्हण्याच्या मळ्यावर गेलो. ओढ्याकाठी डिझेलचा पंप होता. जुना, पण नुकता रंगवलेला. आणि रंग तोच. हुबेहूब तोच निळा. मला वाटलं, सापडला. ज्या हातानं हे इंजिन रंगवलं त्याच हातानं तेही रंगवलं. इथलं तिथं, तिथलं इथं, अशी काहीतरी अदलाबदल आहे. पाण्याच्या पंपाचं इंजिन मोटारीत बसत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण धागा हाताला लागला की पोलीस तो ओढतो. कशाला बांधलाय हे नंतर बघतो.

राखणदाराला ठाण्यात आणलं. आल्या आल्या तो म्हणाला, "साहेब, इंजिन तेच हाय. रंग मी मारलाय."

"काल शेठला काय सांगितलंस?"

"हात नाय लावला बोललो. घाबरलो होतो. शेठची ताकीद होती, गाडीला शिवायचं नाय."

"मग शिवलास कशाला?"

"खंडेनवमी होती ना साहेब."

त्या पट्ट्यात खंडेनवमीला अवजारं पुजतात हे मलाही ठाऊक होतं. कोयता, नांगर, पंप, गिरणी, जे ज्याच्याकडे असेल ते. या गावात पूजेआधी इंजिनांना नवा रंग द्यायची रीत होती, आणि ते काम हाच माणूस करायचा. पट्टीनं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून खड्डे बुजवायचे, पॉलिश पेपर मारायचा, मग दोन हात रंग. त्याच्या हाताचा रंग लागला की इंजिन वर्षभर दगा देत नाही, अशी गावाची समजूत. त्या वर्षी सगळे पंप झाल्यावर, मेव्हण्याचाही रंगवून ताडपत्रीखाली परत धाडल्यावर, डब्यात रंग उरला.

"शेडमधी ते बिचारं इंजिन एकटंच बिनपुजेचं," तो म्हणाला. "रंग पार मेलेला. शेठला यायला टाइम नाय. म्हटलं, त्याला काय पाप लागलंय? हळदकुंकू लावला, झेंडूची माळ घातली. शेठ येयाच्या आधी माळ काढली."

"आणि नंबर?"

"कसला नंबर? खाचखळगं होतं, ते लांबीनं भरलं."

आज हे लिहिताना दिसतं की त्या माणसानं पहिल्या दहा वाक्यांत सगळं प्रकरण उलगडून समोर ठेवलं होतं. मला मात्र तेव्हा दिसला तो बदललेला जबाब. काल हात लावला नाही म्हणाला, आज रंगवलं म्हणतो. जबाब बदलणारा माणूस खोटा, आणि खोटा माणूस चोर. इतकी सरळ माझी वाट होती.

हवालदारांनी मारलं असं लिहायचा मोह होतो. मारलं मी. गिरणीच्या पट्ट्याचा तुकडा ठाण्यात असायचा. राखणदारानं उजवा हात पुढे करून तोंड झाकलं, आणि मी थांबलो नाही. दुपारपर्यंत तो कबूल झाला. इंजिन शहापूरच्या भंगारवाल्याला विकलं म्हणाला. शहापूरच का, तर एकदा एसटीनं जाताना हायवेला भंगाराचा मोठा ढीग दिसला होता म्हणून. हे त्यानंच मला नंतर सांगितलं.

आम्ही शहापूरला गेलो, पंचांसह. भंगारवाल्यानं सगळं आवार उघडून दिलं. ट्रकांची, ट्रॅक्टरांची इंजिनं उलथीपालथी केली. भंगारवाला खाटेवर बसून बघत होता. शेवटी म्हणाला, "साहब, ये आदमी को भंगार का भाव तो पूछो." मी विचारलं. राखणदाराला भाव सांगता आला नाही. विकलं कुणी, घेतलं कुणी, किलोवर की नगावर, काहीच नाही. मी त्याला जीपमध्ये बसवलं आणि परत निघालो. त्याच्या हाताला पंचा गुंडाळलेला होता, तो हात मांडीवर धरून तो बसला होता.

मॅजिस्ट्रेटसमोर नेलं तेव्हा त्यांनी विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. तो "नाय" म्हणाला. हाताचं विचारलं तर पडलो म्हणाला. तसं सांगायला मीच त्याला बाहेर व्हरांड्यात बजावलं होतं.

गाडी तोवर ओढून आणून ठाण्याच्या आवारात लावली होती. अपघातातला एक ट्रक तपासायला कल्याणहून मोटार वाहन निरीक्षक आले. काम झाल्यावर गाडी बघून थबकले. मी म्हटलं, जरा इंजिन बघता का, नंबर घासलाय.

त्यांनी वाकून बघितलं. "पुसून बघितलंत?"

"नाही."

त्यांनी चिंधी थिनरमध्ये बुडवली, नंबरच्या जागी दाबून धरली आणि ब्लेडनं हलकेच खरवडलं. निळी साल निघाली. तिच्याखाली लांबी, ती चुरा होऊन पडली. खाली करडा-हिरवा रंग, आणि त्यात ठोकलेले आकडे, एकामागून एक. आर.सी. बुकाशी ताडून बघितले. जुळले.

"हे इंजिन कुणी उतरवलेलंच नाही," ते म्हणाले. मग एका बोल्टवरचा निळा रंग पुसून मला दाखवलं. "हा कंपनीचा रंग बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत सलग आहे. पाना लागला असता तर इथं तुटला असता. तुमची चोरी कुठली आणि काय?"

मी लॉकअपकडे बघितलं. लॉकअपची खिडकी आवारातच उघडते. आत तो उभा होता. त्यानं ऐकलं होतं. त्याच्या तोंडावर आनंद होता. मला तेच सहन झालं नाही.

"रिपोर्ट पाहिजे तर पत्र द्या," असं सांगून निरीक्षक गेले.

ते पत्र मी दिलं नाही.

याचं कारण सांगतो. गुन्हा घडलाच नव्हता, तक्रार गैरसमजातून झाली होती, असं कोर्टाला कळवायची सोय आहे. त्याला आम्ही क समरी म्हणतो. हवालदारांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, क घातली तर कोर्ट विचारील, चोरी झालीच नाय तर यानं कबूल कसं केलं? मग हात बघतील." त्यांनी सल्ला दिला नाही, फक्त पुढचं सांगितलं. निर्णय माझा. मी अ समरी घातली. म्हणजे गुन्हा खरा, पण छडा लागला नाही. राखणदाराला पुराव्याअभावी सोडलं. शेठला नंबर दाखवला. गाडी मोकळी करून मिळाल्यावर त्याला कागदात रस नव्हता. निळा रंग काढायला मुंबईला माणूस आहे म्हणाला. राखणदाराला त्यानं त्याच दिवशी काढून टाकलं.

पुराव्याअभावी या शब्दाचा कायद्यात अर्थ एक आहे. गावात त्याचा अर्थ, केलं यानंच, पण पचवलं.

पुढं माझी बदली झाली, बढत्या झाल्या. दोन हजारच्या दशकात एकदा बंदोबस्तासाठी माळशेजच्या रस्त्यानं जाताना मी गाडी थांबवली आणि त्या राखणदाराच्या शेतावर गेलो. तो बांधावर बसला होता. मला ओळखलं, उठला.

"बसा साहेब."

मी बांधावर बसलो. हात कसा आहे विचारलं.

"दोन बोटं वळत नाय. पेरायला कापायला चालतं. ब्रश नाय धरवत." मग स्वतःच म्हणाला, "तसा कोण देतो पण नाय आता रंगवायला. खंडेनवमीला माझ्या दारावरनं दुसऱ्या गावचा पोरगा नेतात. चोराचा हात नको बोलतात इंजिनाला."

त्याची बायको घरातून पाणी घेऊन आली. मी कोण हे तिला कळलं तेव्हा तांब्या बांधावर ठेवून ती आत निघून गेली.

मी म्हटलं, "मी गावात येतो. देवळापुढं सगळ्यांना सांगतो की चोरी झालीच नव्हती."

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"तेवा सांगितला असता तर झाला असता. आता सांगाल तर बोलतील, याने पोलिसाला पैसं चारलं. माझ्या पोरीचा जमवायचं चाललंय साहेब. नका येऊ."

मग हळूच म्हणाला, "गाडी पण लांब लावलीत ना? कोणी बघितला नाय ना?"

मी लांबच लावली होती.

त्यानंतर काही वर्षांनी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. लोक विचारतात, नोकरीनं काय शिकवलं. या तपासानं मला एक गोष्ट शिकवली. संशयिताला हात लावण्याआधी वस्तूला हात लावावा. एक चिंधी आणि वाटीभर थिनर, एवढंच काम होतं, आणि ते पहिल्याच दिवशी करता आलं असतं. हे मी प्रशिक्षण केंद्रात नव्या मुलांना सांगायचो. का सांगतो ते मात्र कधी सांगितलं नाही.

हे लिहायला घेण्याआधी मी त्याला निरोप पाठवून विचारलं, तुझं नाव घालू का. त्यानं उलट निरोप धाडला. नाव नको, गाव नको, लिहिताय ते लिहा. म्हणून त्याचं नाव इथं नाही, आणि ओळख पटेल अशा जागा-खुणाही मी बदलल्या आहेत. हे वाचून त्याच्या गावात कुणाचंही मत बदलणार नाही, कारण हा कोण ते कुणाला कळणार नाही. मला मात्र सांगून झालं. त्याच्या वाट्याला यातलंही काही आलेलं नाही.