फिरसेबाबांची वही

मिशनरी कसे होते, असं फौजदारांनी विचारलं तेव्हा मास्तर गडबडले. आठ महिने रोज पाच वाजता समोरासमोर बसूनही त्यांना सांगता आलं ते एवढंच, की माणूस बुटका होता, बिनसाखरेचा चहा घ्यायचा आणि चुकला की स्वतःच्याच कपाळावर टिचकी मारायचा. गाव कोणतं, घरी कोण, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. मिशनरी बेपत्ता होऊन चार दिवस झाले होते. मास्तर वहीचं सांगायला लागले, तेव्हा फौजदारांनी पेनाला टोपण लावलं.

कापड रंगवायच्या कारखान्यात लांबून आणलेले मजूर होते. ते हिंदीच बोलत. त्यांच्यात काम करायचं म्हणून मिशनरी हिंदी शिकायला आले. पहिल्याच दिवशी मास्तरांनी आपली जुनी रीत सांगितली. "पुस्तक राहू द्या. वस्तीत जे ऐकाल ते वहीत उतरवा. पुढे बोलणाऱ्याचं नाव आणि खोलीचा नंबर लिहा. शब्द एकटा आला तर विसरतो, माणसाचं बोट धरून आला की राहतो."

मिशनरींनी हे अगदी मनावर घेतलं. कोणी काही बोललं की ते वही उघडून म्हणत, "फिर से." वस्तीत त्यांचं नावच पडलं फिरसेबाबा.

"तुमच्यापेक्षा तुमचा विद्यार्थी बरा," मास्तरांची बायको म्हणाली. "निदान दुसऱ्याचं दोनदा ऐकतो तरी."

सुरुवातीला वहीत पाणी, ताप, सासूची कटकट असलंच काहीतरी यायचं. मग एकदा खोली चौदामधल्या बाईचं वाक्य आलं, 'छुट्टी के बाद बाहर से कुंडी लगा देते हैं.' मास्तरांनी एक वेलांटी सुधारली आणि पान उलटलं. काम सुटल्यावर बाहेरून कडी घालतात, या वाक्यावर आपण थांबलो नाही, हे त्यांना पुढे फार दिवस टोचत राहिलं.

ती वही भरली. दुसरीच्या तिसऱ्या पानावर खोली नऊमधला म्हातारा होता, 'जो पूछने गया, वह लौटा नहीं.'

मास्तरांचं लाल पेन थांबलं. "हे वाचलंत का तुम्ही?"

"चुकलं का?" मिशनरींचा हात कपाळाकडे गेला.

"नाही. बरोबर आहे. अर्थ काय त्याचा?"

मिशनरींनी ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द लावला. शेवटच्या शब्दाला पोचेपर्यंत त्यांचा चेहरा उतरला. "मी नुसतं उतरवून घेत होतो हो," ते म्हणाले.

"पहिली वही कुठाय?"

"कारखान्याच्या मुकादमांनी नेली, काल. म्हणाले, बघू तरी आमची माणसं काय शिकवतात तुम्हाला. हसत होते."

मास्तरांच्या बायकोने चहाचे कप आणले होते. ते हातात धरून ती तशीच उभी राहिली.

वाक्य, पुढे नाव आणि खोलीचा नंबर. मास्तरांनीच शिकवलेली रीत. खोली चौदा बाराव्या पानावर होती, की तेराव्या? त्यांना आठवेना.

"वाचली नसेल अजून," मिशनरी उठत म्हणाले. "मी मागून आणतो. आणि आधी त्या बाईला सांगतो. माझ्यामुळे तिला काही व्हायला नको."

मीही येतो, असं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण चप्पल कोपऱ्यात होती, आणि गुडघा दुखत होता, आणि मिशनरी तर पायरी उतरलेसुद्धा.

"अहो, चहा तरी," बायको म्हणाली.

"आल्यावर घेईन, काकू." फाटकाशी ते वळले. "मास्तर, उद्या पाचलाच ना?"

"पाचलाच," मास्तर म्हणाले. "येताना नवी वही आणा."