आठव्या ओळीपुढची खूण

गजू गेल्याचं मला चौथ्या माणसाकडून कळलं. शाळेच्या कार्यालयात बसून परीक्षेच्या बैठक व्यवस्थेची यादी करत होतो, तेव्हा दर्यापूरच्या एका जुन्या मित्राचा फोन आला. "तुले तं माहीतच असंन," अशीच त्यानं सुरुवात केली. मला माहीत नव्हतं. सकाळी अकोल्यात, चहा पिता पिता छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचण्याआधीच सगळं संपलं. मी फोन ठेवला, अर्धी राहिलेली यादी पूर्ण केली, सही केली आणि मग उठलो. माझ्या मनात पहिला विचार काय आला, तो इथे लिहिणं भाग आहे, कारण तो लपवला तर पुढचं सगळं खोटं होईल. माझ्याआधी चौघांना का कळलं, हा तो विचार. दुःख नंतर आलं. हेवा आधी आला, नेहमीसारखाच.

गजू म्हणजे गजानन. दर्यापूरजवळच्या खेड्यातला, काळ्या मातीत कापूस पिकवणाऱ्या घरातला. पुढे तो मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत आणि परदेशी बोटींवर पंचवीसेक वर्षं जॅझ वाजवत होता. सॅक्सोफोन वाजवायचा. त्याच्या निधनानंतर जे लेख आले, त्यांत त्याच्या आयुष्याची सुरुवात बहुतेक मुंबईपासून झाली आहे. मुंबईच्या आधी बडनेरा आहे आणि बडनेऱ्यात मी त्याच्या एक वर्ष आधी पोचलो होतो.

बडनेऱ्याला रेल्वेतून निवृत्त झालेले पीटर सर राहायचे. मूळचे गोव्याचे, तरुणपणी मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये वाजवलेले. मी कॉलेजात असताना त्यांच्याकडे सॅक्सोफोन शिकायला जाऊ लागलो. अमरावतीहून सायकलनं, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या वर्षात मी नोटेशन वाचायला शिकलो. कोणता धडा कधी झाला, कुठे अडलो, याची वही ठेवली. दुसऱ्या वर्षी माझ्याच कॉलेजात शिकणाऱ्या गजूला मीच तिथे घेऊन गेलो. एकट्यानं सायकल मारायचा कंटाळा आला होता, एवढंच कारण. सरांच्या तबकडीवर जॅझ सुरू झालं आणि गजू खुर्चीत पुढे सरकून बसला. "अबे सुध्या, हा मानूस गाणं इसरला का मुद्दाम भटकून राहिला?" त्यानं विचारलं. सर हसले. जॅझ म्हणजे काय, हे मला समजावताना त्यांनी चार दिवस घातले होते. मूळ चाल एकदा वाजवायची आणि मग तिच्यापासून स्वतःच्या वाटेनं दूर जाऊन परत यायचं. गजूला ते पहिल्या पाच मिनिटांत, स्वतःच्याच प्रश्नातून कळलं.

तोही सरांकडे शिकू लागला आणि पुढे लग्नाच्या हंगामात आम्ही दोघं अमरावतीच्या एका बँडमध्ये वाजवायचो. गाण्यांचा क्रम आणि वेळा ठरवणं माझ्याकडे होतं. दर्यापूरला एका लग्नात पाठवणीची चाल गजू वाजवत होता. ती चाल तीन मिनिटांची. नवरी जीपमध्ये बसली, गजूनं चाल संपवली आणि... संपवलीच नाही. तो तिथून निघाला, कुठे कुठे फिरला, परत आला, पुन्हा निघाला. बाकीचा बँड थांबला. मला पुढची वरात मूर्तिजापूरला गाठायची होती. मी घड्याळ दाखवत त्याच्यासमोर उभा राहिलो तर त्याचे डोळे मिटलेले. ड्रायव्हरनं जीप बंद केली. नवरीच्या बापानं मला विचारलं, "हे गानं लंबं हाये का?" मी काही बोलायच्या आत नवरीची म्हातारी आत्या म्हणाली, "वाजवू द्या त्याले. पोरगी तशीबी चाललीच हाये, दहा मिनिटं उशिरा जाईन." मूर्तिजापूरला आम्ही तासभर उशिरा पोचलो, शिव्या मी खाल्ल्या. मला राग उशिराचा नव्हता. त्या मांडवातली सगळी माणसं ज्या तऱ्हेनं गप्प उभी होती, तसं माझं वाजवणं ऐकताना कोणी उभं राहिलं नव्हतं.

मग मुंबईहून सरांच्या एका जुन्या सोबत्याचं पत्र आलं. हॉटेलच्या बँडसाठी एक सॅक्सोफोनवाला हवा होता. ते पत्र सरांनी माझ्यासमोर वाचलं आणि गजूचं नाव सांगितलं. मी काही विचारलं नाही, तरी त्यांनीच उत्तर दिलं. "सुधाकर, तू एकही चूक करत नाहीस. पण तुझा पुढचा सूर मला आधीच माहीत असतो." नंतर म्हणाले, गजूला सुरांचा लिहिलेला कागद नीट वाचता येत नाही, महिनाभरात तू त्याला तयार कर.

मी केलं. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर शिकवायच्या अकरा गोष्टींची यादी लिहिली. एकेक झाली की पुढे बरोबरची खूण. त्या महिन्यात मी त्याच्या गावी, त्याच्याच घरी राहिलो; गजू शेतातून घामेजलेला यायचा, ओसरीवर बसून माझ्यासमोर सूर वाचायचा, चुकला की स्वतःच्याच डोक्यात टपली मारायचा. आठवी गोष्ट साधी होती, पण तिच्याशिवाय हॉटेलात चालणार नव्हतं. आमच्या सॅक्सोफोनवर एक सूर कागदावर लिहिला असेल तर वाजताना पियानोवरचा दुसराच सूर निघतो. म्हणून पियानोसाठी लिहिलेला कागद सॅक्सोफोनवाल्याला जसाच्या तसा वाजवता येत नाही. प्रत्येक सूर मनातल्या मनात ठरावीक अंतरानं सरकवावा लागतो. सरांकडे पियानो नव्हता आणि कागद सगळे सॅक्सोफोनचेच होते, त्यामुळे गजूला याचा पत्ता नव्हता. मला होता. सातवी गोष्ट झाली, मी आठवीपुढे खूण केली आणि नववी शिकवायला घेतली.

मी आयुष्यभर याद्या केल्या. शाळेच्या, निवडणुकीच्या कामाच्या, घरच्या. न झालेल्या कामापुढे खूण मी तेवढी एकदाच केली आहे.

मुंबईच्या हॉटेलात त्याची चाचणी झाली, त्या दिवशी संध्याकाळी त्याचा आमच्या शेजाऱ्यांकडे फोन आला. मी जाऊन फोन घेतला. "सुध्या, लागलो बे मी," तो ओरडला. मग सगळं सांगितलं. पियानोवाल्याचाच कागद समोर ठेवला होता. पहिल्या दोन ओळी पियानो एका गावाला आणि हा दुसऱ्या. लोक हसायला लागले. "मंग म्या कागद उलटा ठेवला, डोये मिटले अन् पियानोच्या मागं मागं गेलो. मालक म्हने, उद्यापासून ये." कुठे चुकलं ते पियानोवाल्यानं नंतर त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "ते सूर सरकवाचं तुयाकडून राहून गेलं वाटते."

"राहिलं असेल," मी म्हणालो.

तो मुंबईला राहिला आणि मी शाळेत नोकरीला लागलो. त्याची पत्रं यायची. पुढे बोटीवरून फोटो यायचे. पांढरा कोट, मागे समुद्र. फोटोंच्या पाठी मी गावाचं नाव आणि महिना लिहून ते फाइलला लावत गेलो. घरच्यांना ते प्रेम वाटायचं. दिवाळीत तो यायचा तेव्हा खरं काय ते सांगायचा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत उभं राहून वाजवायचं, ओठ फाटतात, समोरची माणसं जेवत असतात. "कोनी आयकत नाही बे. एखादा वेटर आयकते." तो हसत सांगायचा आणि मला त्या वेटरसाठी वाजवण्याचाही हेवा वाटायचा. माझा सॅक्सोफोन तोवर कपाटावर गेला होता. मुलगी म्हणायची, बाबा, एकदा वाजवून दाखवा ना. मी म्हणायचो, वेळ नाही.

आठ वर्षांपूर्वी हॉटेलानं बँड बंद केला आणि गजू बायकोच्या माहेरी, अकोल्याला, राहायला आला. ही बातमी कळली त्या संध्याकाळी मी घरी जिलेबी नेली. कशाची, असं बायकोनं विचारलं. सहज, म्हणालो. तो परत आला म्हणून आनंद झाला असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता तो नाही, तेव्हा लिहून टाकतो... त्याचं संपलं, याचा आनंद झाला होता. त्याचं काहीच संपलं नव्हतं. तो अकोल्यात शिकवू लागला आणि वर्षभरात तिथली निम्मी कॉलनी त्याची झाली. अमरावतीहून अकोला दोन तासांवर. या आठ वर्षांत मी पाच वेळा गेलो, आणि पाचही वेळा आठव्या ओळीबद्दल बोलायचं ठरवून गेलो होतो.

तेरवीनंतर शोभावहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, निरोप आला. कागदपत्रं आणि वाद्यं यांची नोंद करून द्याल का? गुरुवार होता. सकाळपासून मी त्याच्या खोलीत बसून नोंदी केल्या. दुपारी वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं, चाचणीच्या वेळी माझ्याकडून एक गोष्ट शिकवायची राहिली होती, तो कधी काही बोलला का?

"राहिली कुठं?" वहिनी म्हणाल्या. "त्यायले तवाच समजलं होतं. मले म्हनत, सुध्या शिकवल्याबिगर यादीत टिक मारत नाही. म्हन्जे मुद्दामच ठेवलं त्यानं. मी नापास होऊन वापस यावं म्हनून."

"रागावला नाही?"

"राग कायचा? म्हनत, मी गेलो तं तो एकटा पडला असता ना. म्हनून केलं बिचाऱ्यानं."

मी कप खाली ठेवला. "वहिनी, तसं नव्हतं ते."

"मंग?"

"त्याच्या जागी मला जायचं होतं."

कप उचलता उचलता वहिनी म्हणाल्या, "हे त्यायले सांगाले पायजे होतं, भाऊजी. त्यायनं तुमाले संग नेलं असतं."

माझी वाईट गोष्ट त्यानं तीसहून जास्त वर्षं चांगली समजून जपली आणि मला त्याची साधी चाहूलही लागू दिली नाही. हे ज्याला जमतं, त्याचा हेवा सॅक्सोफोनच्या हेव्याहून मोठा असतो, हे मला त्या दुपारी कळलं.

संध्याकाळी सहाची बस होती. पण दर गुरुवारी त्या खोलीत कॉलनीतल्या लोकांचं भजन असतं, बसा, असं वहिनी म्हणाल्या, म्हणून बसलो. निवृत्त पोस्टमन, किराणा दुकानदार, चार-सहा बायका. पेटी सुरू झाली, अभंग सुरू झाला आणि टाळ्या भलत्याच जागी पडायला लागल्या. आपण भजनात पहिल्या मात्रेवर जोर देऊन टाळी देतो. जॅझवाले पहिली सोडतात आणि दुसरीवर, चौथीवर देतात. गजू दर गुरुवारी याच लोकांत बसून तशीच देत असणार. कोणी कोणाला शिकवलं नाही, कोणाला या टाळीचं नावही माहीत नसेल. पण आठ वर्षांत ती सगळी खोली त्याच्यासारखी टाळी द्यायला लागली होती. अभंग त्यामुळे हलका झाला होता, चालता चालता किंचित झुलत होता. वहिनीही दाराशी बसून तशीच टाळी देत होत्या.

मीही हात पुढे केला. तो पहिल्या मात्रेवर पडला. शेजारच्या पोस्टमननं माझ्याकडे पाहिलं आणि समजूतदारपणे हसला. मी मात्रा मोजल्या, एक सोडून पुन्हा दिली, पुन्हा पहिलीवरच गेली. बरोबर मोजणारा खोलीत मी एकटाच होतो आणि चुकत होतो तोही मीच.