भरल्या पोटाचं गाढव

ज्या मुलांचं वर्गाशी जमत नाही त्यांच्यासाठी शाळेनं गावाबाहेर एक शेत ठेवलं होतं. ज्या माणसांचं माणसांशी जमत नाही त्यांच्यासाठी कुणी काही ठेवत नाही, म्हणून काका तिथेच राहत. शेताची राखण आणि देखभाल ही त्यांची नोकरी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा परदेशात, तो रविवारी फोन करून हवामान विचारी, आणि काका ते खरं सांगत. विषय त्यापुढे जात नसे.

शेतावर येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक जनावर सांभाळायला मिळे. तोफेला गाढव मिळालं. तोफ म्हणजे पंधरा वर्षांची मुलगी. वर्गात तिनं खिडकीतून खुर्ची फेकली होती, आणि खिडकी बंद होती. इथे फेकायला लीद मुबलक, शिवाय ती फेकणं हेच काम, त्यामुळे तिच्या गुणांचं चीज झालं.

काकांशी तिचं दिवसभर वाजे.

"काका, दावं असं बांधतात होय? गाढवाला हसू येतंय."

"तुला बघून येत असेल."

"तुम्ही दोघं सख्खे भाऊ. तो थोरला, त्याला अक्कल आहे."

काका फणकाऱ्यानं गोठ्यात जात आणि तिथे एकटेच हसत. संध्याकाळी शाळेची गाडी मुलांना घेऊन गेली की स्वयंपाकघरात एक ताट, एक पेला. रेडिओ पुष्कळ बोले, पण उलट उत्तर देत नसे.

मूल वर्गात परतायला तयार आहे की नाही, हे मुख्याध्यापिकाबाई एका रीतीनं ठरवत. जाणाऱ्यानं आपलं जनावर नव्या मुलाला शिकवून सोपवायचं. जनावर नव्याच्या हातातल्या खाण्याच्या बादलीमागे फाटकापर्यंत गेलं, तर जाणारा सुटला. नाहीतर आणखी एक सत्र शेतावर. गेलेल्यानं वर्षभर इकडे फिरकायचं नाही, हाही नियम. मन वर्गात रमावं म्हणून. मागे उरलेल्यांच्या मनाबद्दल नियमात काही नव्हतं.

तोफेचा दिवस उजाडला. काका नेहमीपेक्षा लवकर उठले आणि त्यांनी गाढवाला आंबोण घातलं. मग आणखी घातलं. भरल्या पोटाचं गाढव बादलीकडे ढुंकूनही पाहत नाही, म्हणून सोपवण्याच्या दिवशी त्याला आधी कुणी खायला घालत नसे.

बाई आल्या. नवी मुलगी बादली घेऊन पुढे झाली. गाढव निवृत्त अधिकाऱ्यासारखं जागच्या जागी उभं राहिलं.

"असू दे," बाई म्हणाल्या, "पुढच्या सत्रात बघू."

तोफेनं गाढवाच्या पोटावर थाप मारली. नगाऱ्यासारखा आवाज आला. तिनं काकांकडे पाहिलं आणि नव्या मुलीच्या हातून बादली ओढून घेतली. बाई दोन पावलं मागे सरकल्या. तोफेनं बादली हळूच खाली ठेवली.

"काका, याला कुणी खायला घातलं?"

काकांनी स्वतःचे बूट नीट पाहून घेतले. "मी."

"विसरून घातलंत का?" बाईंनी विचारलं. त्या मनानं चांगल्या होत्या.

"एवढं कुणी विसरून घालत नाही, बाई. आज रात्री याला उपाशी ठेवतो. उद्या पुन्हा बघा."

दुसऱ्या दिवशी गाढव नव्या मुलीच्या बादलीमागे असं निघालं, की जणू जन्मभर तिचीच वाट पाहत होतं. गाढवाकडून निष्ठेची अपेक्षा कुणी ठेवत नाही, तरी काकांना वाईट वाटलं.

फाटकाशी तोफ म्हणाली, "सरळ सांगायचं ना, थांब म्हणून."

"थांबली असतीस?"

"छे!"

"म्हणून गाढवाला सांगितलं."

ती हसली. मग हसणं अर्ध्यात सोडून गाडीत बसली आणि वळणापर्यंत मागच्या काचेतून बघत राहिली. काकांनी हात हलवला नाही. हातात दावं होतं.

नवी मुलगी फार गुणी आहे. वेळेवर येते, गव्हाण झाडते, एका शब्दानं दुखवत नाही. काका हल्ली तिच्यादेखत दाव्याची गाठ मुद्दाम ढिली मारतात आणि जरा थांबून विचारतात, "बरोबर आहे ना गं?"

"हो काका," ती म्हणते.